सिगार आणि पेला: या चुका टाळा

गेल्या पंधरा वर्षांत सोलापुरात माझ्यासमोर जेवढे चांगले सिगार वाया गेले, त्यांतले निम्मे पेटवण्याआधीच मेलेले होते. तरी प्रत्येक वेळी प्रश्न एकच येतो: "मालक, याच्यासोबत कुठली व्हिस्की चालंल?" अहो, व्हिस्कीचा नंबर चौथा. सिगार आजवर ठेवला कुठे होता, पोटात काय आहे आणि हाताशी वेळ किती आहे, हे आधी सांगा. ही तीन उत्तरं चुकली की बाटली कितीही भारी आणा, पैसे पाण्यात.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. धूर छातीत घेत नाही म्हणून सिगार निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग सिगारनेही होतो, आणि तंबाखूच्या जोडीला दारू आली की हा धोका दोघांच्या बेरजेपेक्षाही वाढतो. म्हणून मी महिन्यातून दोनदाच बसतो, तेही एकच सिगार आणि फार तर दोन पेग. ज्याने तंबाखूला कधी हात लावलेला नाही, त्याने हे वाचून सुरुवात करू नये. आणि आपल्या राज्यात व्हिस्की-रमसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, परवाना लागतो. कोवळ्या पोरांना हौसेने बैठकीत ओढणारे काका-मामा मी पाहिलेत. ते करू नका.

फ्रीजमध्ये ठेवलेला सिगार

ही माझी सगळ्यात दुखरी चूक, म्हणून हिच्यावर जास्त बोलणार.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. दुपारी गच्चीवर वाळत घातलेली चादर तासाभरात पापडासारखी कडक होते. सिगारला लागते साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान. तो ज्या क्यूबा, निकाराग्वा, डॉमिनिकन रिपब्लिकमधून येतो, तिथली हवा दमट. ते पान सोलापूरच्या उन्हाळ्यात उघड्यावर राहिलं, की काही दिवसांतच तडकायला लागतं. मग माणसाला वाटतं, गार जागी ठेवू. गार जागा म्हणजे फ्रीज.

जुळे सोलापुरात माझे एक स्नेही आहेत. जावयाने त्यांना दुबईहून दहा सिगारची पेटी आणून दिली. रोबुस्टो होते, म्हणजे ५ इंच लांब आणि ५० रिंगचे. रिंग म्हणजे एका इंचाचा ६४ वा भाग, त्यावरून जाडीचा अंदाज येईल. स्नेह्यांनी पेटी फ्रीजमध्ये ताकाच्या पातेल्याशेजारी ठेवली आणि दीड महिना तिला हात लावला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्हा चौघांना गच्चीवर बोलावलं. पाऊस अजून आलेला नव्हता. जोडीला शेरी नावाच्या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेल्या १२ वर्षांच्या सिंगल माल्टची, म्हणजे एकाच भट्टीतल्या बार्लीच्या व्हिस्कीची, बाटली होती, तीही जावयानेच आणलेली.

मी कटर दाबला आणि 'टक्' असा आवाज आला. वाळकी काडी मोडावी तसा. तिथेच माझ्या पोटात गोळा आला, कारण नीट राखलेल्या सिगारची टोपी, म्हणजे ओढायच्या बाजूचं बंद टोक, कापताना असा आवाज येत नाही, पान मऊपणे कापलं जातं. पेटवल्यावर चार-पाच झुरक्यांत वरचं पान उभं फाटलं, थेट नावाच्या कागदी पट्टीपर्यंत. धूर इतका गरम की जीभ पोळली. चव कडू, आणि त्या कडू चवीच्या मागे फ्रीजमधल्या लसणाचा वास. स्नेह्यांनी माल्टचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "जावयाला कुणीतरी फसवलं. बाटली खराब निघाली." मग त्यांनी त्या १२ वर्षांच्या माल्टमध्ये सोडा भरला. मला ते बघवेना.

बाटली उत्तम होती. आजचे फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आतली हवा सतत कोरडी करत असतात, म्हणून तर त्यांत बर्फ साचत नाही. त्या हवेत पान सुकतं आणि शेजारच्या प्रत्येक पातेल्याचा वास ओढून घेतं. कोरडा सिगार भरभर जळतो, भरभर जळला की धूर तापतो, आणि पोळलेल्या जिभेला शेरीच्या पिंपातला मनुका, अक्रोड काहीच सापडत नाही. नुसता अल्कोहोलचा चटका लागतो.

माझी आत्या अशोक चौकाकडे राहायची आणि विड्या वळायची. दिवसाला हजार विड्या हातून गेल्या तर मजुरी पूर्ण. तेंदूची पानं ती आदल्या रात्री भिजवायची, पाणी निथळू द्यायची, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने कापायची, आणि कापलेली पानंही ओल्या फडक्याखालीच राहायची. मी लहानपणी घाई करून एक गठ्ठा पाण्याच्या बादलीतून काढून तसाच तिच्यापुढे ठेवला होता. तिने एक पान उचललं, बोटांत दाबलं आणि गठ्ठा परत माझ्याकडे सरकवला. "अजून पाणी वरवरच आहे, आत गेलं नाही," म्हणाली. पुढे सिगार हातात आला तेव्हा मला तिची ती बोटं आठवली. मीही सिगार तसाच दोन बोटांत हलका दाबून बघतो. किंचित दबून परत वर आला की तयार. करकर वाजला की परत डब्यात.

त्या पेटीतले उरलेले सहा मी घरी आणले. रबराची कड असलेला हवाबंद डबा घेतला, आत आधी आर्द्रता ६२ टक्क्यांवर राखणारं पाकीट ठेवलं आणि दोन आठवड्यांनी ६५ चं. चार आठवडे डबा फक्त वास बघायला उघडला. इथेच लोकांचा धीर सुटतो. कुणी डब्यात बटाट्याची फोड ठेवतं, कुणी सफरचंदाची, कुणी ओला कापूस, आणि एक गृहस्थ तर सिगारवर इस्त्रीच्या बाटलीने पाणी फवारत होते. असं केलं की बाहेरचं पान आधी फुगतं, आतला तंबाखू कोरडाच राहतो, आणि पान फुटतं. बटाट्याला तर बुरशी येते आणि पेटीभर पसरते. सुकायला महिना लागला असेल तर परत यायलाही महिना द्या.

जुलैअखेर त्यांतले दोन घेऊन मी परत त्याच गच्चीवर गेलो. तीच अर्धी राहिलेली बाटली, पण सोडा नाही. माल्टमध्ये मी चमचाभर पाणी घातलं. स्नेह्यांनी घोट घेतला, झुरका घेतला, परत घोट घेतला आणि बाटली उचलून लेबल वाचायला लागले. "हीच ती?" एवढंच विचारलं.

ह्युमिडॉर, म्हणजे सिगारचा ओलावा राखणारा लाकडी पेटारा, घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण नवा कोरा पेटारा स्वतःच तहानलेला असतो. आतल्या देवदारासारख्या लाकडाला आधी आठवडा-दोन आठवडे ओलावा पिऊ द्यावा लागतो, नाहीतर ते तुमच्या सिगारमधलं पाणी पितं. नवशिक्याला मी डबाच सांगतो. दुसरी भीती किड्याची. तापमान २५ अंशांच्या वर टिकून राहिलं की तंबाखूतल्या किड्याची अंडी उबतात आणि सिगारला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. आपल्याकडे मार्च ते जून हा त्यांचाच काळ. माझी सवय अशी: खरेदी दिवाळीनंतर, बहुतेक साठा होळीपर्यंत संपवायचा, आणि उरलेल्या सिगारचा डबा सहलीला नेतात त्या जाड आइस-बॉक्समध्ये, बर्फाविना, घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत जमिनीवर. कूलरच्या तोंडाशी डबा कधीच ठेवू नका.

पंखा चालू ठेवून बसणं

बंद करा. वाऱ्याने सिगार एका बाजूने जळत जातो, चव तिथेच बिघडते. गच्चीवर वारा असेल तर भिंतीच्या आडोशाला बसा. उकडतंय म्हणत असाल तर त्या दिवशी बसू नका, थंडीची वाट पाहा.

काचेच्या झाकणाची पेटी

कोहिबा या क्यूबाच्या नावाजलेल्या सिगारची पेटी काचेच्या झाकणाची येत नाही. कुणी "खास ओळखीतून" तशी पेटी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. नकली मालाला कुठलीच रम वाचवत नाही.

जड दारूखाली हलका सिगार चिरडणं

ही दुसरी मोठी चूक, आणि ही शिकलेसवरलेले लोक जास्त करतात. कुठेतरी वाचलेलं असतं की धुराला धूर जुळतो. मग स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, पीटच्या म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुरात वाळवलेल्या बार्लीची व्हिस्की आणायची, लाफ्रोएग नाहीतर अर्डबेग, आणि तिच्यासोबत कनेक्टिकट शेडचा फिकट सिगार पेटवायचा. ते पान कापडाच्या सावलीत वाढवतात, म्हणून पातळ, रेशमी आणि सौम्य असतं. त्यात साय, गवत, भिजवलेला बदाम अशा हळू आवाजातल्या चवी असतात. पीटच्या एका घोटात टिंक्चर, समुद्र, जळका दोर असं सगळं येतं, आणि पुढच्या झुरक्याला तोंडात सिगार आहे की नुसती गरम हवा, हे कळत नाही.

ओळखायचं कसं? मी प्रत्येक नवी जोडी अशी तपासतो. साध्या पाण्याने तोंड स्वच्छ करायचं. एक झुरका, धूर तोंडात फिरवून सोडायचा, थोडासा नाकावाटे. अर्धा मिनिट काही करायचं नाही. मग छोटा घोट. परत अर्धा मिनिट. मग दुसरा झुरका, आणि या दुसऱ्या झुरक्यात पहिल्या झुरक्याची चव सापडते का ते बघायचं. सापडली आणि तिच्यात काही नवं जमा झालं, तर जोडी जमली. सापडलीच नाही, तर पेला जड झाला. दारूच पाण्यासारखी लागायला लागली, तर सिगार जड झाला. सगळी मोजणी या दुसऱ्या झुरक्यावर असते. पण लोक पहिल्याच घोटाला "वा" म्हणून मोकळे होतात, याचा मला फार राग येतो.

वजनाचा अंदाज लावताना पानाच्या रंगावर जाऊ नका. काळा म्हणजे कडक, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. मादुरोचं पान जास्त काळ आंबवून काळं होतं आणि त्यात उलट गोडवा येतो. कडकपणा मुख्यतः आत भरलेल्या तंबाखूवरून ठरतो. रोपाच्या शेंड्याकडची, जास्त ऊन खाल्लेली लिगेरो पानं आत किती आहेत, यावर ते अवलंबून. दुकानदाराला रंग विचारू नका, ताकद विचारा.

माझ्या जमलेल्या जोड्या सांगतो. सौम्य सिगारला बर्बनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीच्या, पिंपातला हलका माल्ट, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातला. मध्यम सिगारला शेरीच्या पिंपातला माल्ट. मादुरोला रम. पीट प्यायचीच असेल तर निकाराग्वाचा मिरीसारखा तिखट, भरीव सिगार घ्या, तो तिच्यासमोर उभा राहतो. बर्बन गोड आणि व्हॅनिलाचं, कॅमेरूनच्या पानाशी त्याचं छान जुळतं.

आपल्या देशी सिंगल माल्टला लोक अजून परकं समजतात. बेंगळुरूचा अमृत २००४ मध्ये ग्लासगोत विक्रीला गेला, त्यालाही वीस वर्षं उलटून गेली. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के माल उडून जातो, बेंगळुरूच्या उष्णतेत १० ते १२ टक्के. उष्णतेत दारू लाकडाशी जोरात झोंबते, त्यामुळे चार-पाच वर्षांतच तिला पिंपाचा भरपूर रंग आणि चव येते. म्हणून वय कमी दिसलं तरी तिला हलकी समजू नका. पन्नास टक्के अल्कोहोलचा अमृत फ्यूजन मी भरीव मादुरोसोबत घेतो, थोडं पाणी घालून. उलट आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्क्यांत मळीचं स्पिरिट असतं, म्हणजे त्यांचं नातं रमशी जास्त. त्यांच्यासोबत महागडा सिगार नको, साधा सौम्य तिरुचीचा चिरूट पुरे.

रमचं म्हणाल तर हा जिल्हाच उसाचा. गाळपाच्या दिवसांत मळीचा तो जड गोड वास ज्याने कारखान्याच्या रस्त्यावर घेतलाय, त्याला रम आणि तंबाखूचं नातं समजावून सांगावं लागत नाही. ओल्ड मंक १९५४ पासून आहे, ४२.८ टक्क्यांची. तिच्यातला व्हॅनिला मादुरोशी इतका सहज बसतो की मी पाहुण्यांना पहिली जोडी हीच देतो. पण काही न मिसळता, किंवा दोन थेंब पाणी घालून. तिच्यात कोला ओतला की साखर आणि बुडबुडे दोन्ही जिभेवर चढतात, मग सिगार कशाला पेटवलात?

दारू न पिणाऱ्याला दूधसाखर नसलेली फिल्टर कॉफी द्या. चिकमंगळूरची कडक कॉफी आणि मध्यम सिगार ही माझ्या मते अर्ध्या व्हिस्क्यांपेक्षा सरस जोडी आहे.

रिकामं पोट आणि घाई

मोहोळकडच्या एका शेतावर जानेवारीत हुरडा पार्टी होती. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजत होती, पत्रावळीवर गूळ, शेंगाचटणी, दही. यजमानांचा पुतण्या पुण्याहून आलेला, वय अठ्ठावीस-एकोणतीस, पहिलाच सिगार. मी त्याला म्हणालो, आधी हुरडा खा. तो म्हणाला, "काका, पोट भरलं की चव कळत नाही." हे कुठून ऐकतात पोरं, देव जाणे. दोन पेग कडक माल्ट उपाशीपोटी गेला. सिगारही तो सिगरेटसारखा ओढत होता, दहा सेकंदाला एक झुरका, आणि धूर थेट छातीत. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत तो गप्प झाला.

वीसेक मिनिटांत त्याचा चेहरा राखेसारखा पडला. जानेवारीच्या थंडीत कपाळावर घाम. उठायला गेला आणि बाजेचा खूर धरून खालीच बसला. मग ओकारी. त्याच्या काकांना वाटलं हृदयाचं काही आहे, गाडी काढायला पळाले. मी त्याला बाजेवर कुशीवर झोपवलं, सिगार काढून घेतला, शुद्ध हरपत नाही ना हे बघत राहिलो, आणि ओकारी थांबल्यावर गुळाचा खडा आणि घोटघोट पाणी दिलं. अर्ध्या तासाने रंग परतला. परतला नसता तर सरळ दवाखाना, तिथे धीर धरायचा नसतो.

मोठ्या एका सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. सिगारचा धूर आम्लारी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या त्वचेतूनच रक्तात जातं. छातीत ओढायची गरजच नसते. रिकाम्या पोटी दारू आणि वेगात निकोटीन एकत्र आलं की हेच होणार. माझ्या बैठकीत नियम एकच आहे: जेवल्याशिवाय कटर हातात मिळत नाही, आणि झुरका मिनिटाला एक. रोबुस्टोला पाऊण तास ते एक तास लागतो. तेवढा वेळ नसेल तर पेटवू नका. अर्धा सिगार ओढून "उद्या संपवू" म्हणणाऱ्याला मी दुसऱ्यांदा बोलावत नाही. उद्या त्याला शिळ्या राखेची चव येते.

जेवण मात्र जपून. शेंगाचटणी, ठेचा, झणझणीत मटण झाल्यावर लगेच पेटवला तर तिखटाने बधिर जिभेला काही कळणार नाही. अर्धा तास जाऊ द्या, कडक भाकरीचा कोरडा तुकडा आणि पाणी घ्या. बैठकीतही चकण्याला तिखट शेव नको, भाजके शेंगदाणे आणि खारीक बरी.

बाकीच्या, पटकन

सिगारचं टोक व्हिस्कीत बुडवणं. दोन्ही नासतात, पान सुटतं. बुडवणाऱ्याच्या हातून मी पेला काढून घेतो.

पेला बर्फाने भरणं. गारव्याने जीभ बधिर होते आणि माल्टचा वास बंद पडतो. पाणी चमच्याने घाला.

पेट्रोलचा लायटर. पहिले दहा झुरके पेट्रोलचेच लागतात. गॅसचा लायटर घ्या, नाहीतर काडी, पण काडीचा गंधक जळून जाऊ द्या आणि मगच ज्योत जवळ आणा. ज्योत सिगारला चिकटवू नका, खालून फिरवत टोक आधी शेकून घ्या.

टोपी दाताने तोडणं किंवा ब्लेडने खोल कापणं. टोपीची कड जिथे वळते त्याच्या वरच थांबा, नाहीतर पान उलगडत जातं.

कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, रेड वाइन. तिचा तुरटपणा आणि धुराचा कोरडेपणा मिळून तोंडाला कोरड पडते. वाइनच हवी तर पोर्टसारखी गोड.

शेवटचा भाग

सिगार एकसारखा नसतो. पुढे पुढे धूर तापत जातो, निकोटीन वाढत जातं. सुरुवातीला जुळलेला हलका माल्ट शेवटच्या दीड-दोन इंचांत फिका पडतो, आणि लोक तिथे चव परत आणायला आणखी एक मोठा पेग भरतात. तिथे पेग वाढवू नका. मी दुसरा पेग आधीच अर्धा राखून ठेवतो, तो रमचा, आणि शेवटच्या भागाला त्याचेच दोन छोटे घोट. बोटांना ऊब लागायला लागली की सिगार रक्षापात्रात ठेवून द्यायचा. चिरडायचा नाही. चिरडला की सगळ्या खोलीत तो कडू वास दोन दिवस राहतो. तो आपोआप विझतो.

जावयाच्या त्या पेटीतले चार अजून माझ्या डब्यात आहेत. स्नेही दर आठवड्याला विचारतात. मी सांगितलंय, दिवाळी होऊ द्या, गच्चीवर थंडी पडू द्या, आणि ओल्ड मंक तुम्ही आणा.